अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या इतिहासाचे कार्यक्रम: मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

जानेवारीचा तिसरा सोमवार, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी जवळ आली की आमच्या ग्रुपवर तेच प्रश्न पुन्हा येतात. कुठे जायचं, मुलांना न्यायचं का, आपण तिथे गेलो तर विचित्र दिसेल का. गेली काही वर्षं आम्ही दोन-चार कुटुंबं मिळून अशा व्याख्यानांना, संग्रहालयांना आणि पदयात्रांना जातो. त्या अनुभवातून ही उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

हे कार्यक्रम म्हणजे नेमकं काय असतं?

नाना प्रकार असतात. सगळ्यात साधा म्हणजे संध्याकाळचं व्याख्यान: एखादा इतिहासकार किंवा त्या काळात प्रत्यक्ष तुरुंगात गेलेली एखादी आजी, सोबत मुलाखत घेणारा आणि शेवटी श्रोत्यांचे प्रश्न. राष्ट्राध्यक्षांच्या नावाने जी ग्रंथालयं आहेत, उदाहरणार्थ बोस्टनचं केनेडी किंवा ऑस्टिनचं जॉन्सन, तिथे असे कार्यक्रम होतात. संग्रहालयं मार्गदर्शकासोबत फेरी ठेवतात. राष्ट्रीय उद्यान सेवेचे रेंजर तर शाळा, चर्च आणि घरंही दाखवतात. त्यांची टोपी बघून लोकांना जंगलच आठवतं, पण लिटल रॉकची सेंट्रल हायस्कूल समजावून सांगणाराही रेंजरच असतो. ती शाळा आजही भरते, त्यामुळे आत जायचं तर रेंजरसोबत आणि आधी नोंदणी करूनच. १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय मुलांना तिथे वर्गात पोचवायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावं लागलं होतं. त्याच पायऱ्यांसमोर उभं राहून ते ऐकताना पोटात कालवतं.

आपला याच्याशी काय संबंध? आपण तर नंतर आलो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. मलाही पहिली काही वर्षं असंच वाटायचं, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

आपण नंतर आलो, कारण आधी येताच येत नव्हतं. १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ या शब्दात बसत नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरीही. १९४६ मध्ये नागरिकत्वाचं दार किलकिलं झालं, पण भारतातून वर्षाला किती माणसांनी यायचं तर शंभर. सगळ्या भारतातून शंभर! हा कोटा उठवणारा कायदा ३ ऑक्टोबर १९६५ रोजी झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला होता आणि आदल्या वर्षी जुलैमध्ये नागरी हक्क कायदा. हे तिन्ही कायदे एकाच लाटेवर आले. जन्माने माणसाची पात्रता ठरवायची नाही, हे ज्यांनी रस्त्यावर उतरून, मार खाऊन देशाला मान्य करायला लावलं, त्यांच्यामुळे तुमच्या काकांना १९७० च्या आसपास विमानात बसता आलं.

महाराष्ट्राचं नातं तर त्याहूनही जुनं आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुण्यात बसून! बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती यांत फार साम्य आहे, असं त्यात म्हटलं आणि संयुक्त राष्ट्रांकडे पाठवायच्या अर्जाची प्रत मागवली. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव अमेरिकेत ओकलंडला सुरू झालेल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलेलं. तेव्हा ‘हा आपला इतिहास नाही’ असं म्हणायच्या आधी आपल्याच घरचं कपाट उघडून बघा, इतकीच विनंती.

किंग यांनी हे सगळं गांधीजींकडूनच घेतलं ना?

घेतलं, यात शंका नाही. १९५९ मध्ये ते भारतात महिनाभर राहिले, मुंबईत मणिभवनात मुक्काम केला. अटलांटाला त्यांच्या नावाच्या राष्ट्रीय उद्यानात गांधीजींचा पुतळाही आहे. पण प्रश्नोत्तरात उठून आपण हेच एक वाक्य दर वेळी म्हणतो आणि बसतो. त्याऐवजी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती नागपूरची आहे.

जेम्स लॉसन नावाचे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे एक तरुण होते. कोरियाच्या युद्धात लढायला नकार दिला म्हणून त्यांनी तेरा महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर १९५३ साली ते नागपूरला हिस्लॉप कॉलेजमध्ये आले आणि जवळपास तीन वर्षं राहिले. सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तिथे केला. अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी, वेगळं बसवण्याच्या नियमाविरुद्ध, बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी वाचली तीही नागपुरात. परत गेल्यावर त्यांची किंग यांच्याशी भेट झाली आणि किंग यांनी त्यांना दक्षिणेत यायचा आग्रह केला. मग नॅशव्हिलला एका चर्चच्या खोलीत लॉसन यांनी विद्यार्थ्यांची शिबिरं घेतली. ती कशी असायची ते ऐका. काही मुलं खुर्च्यांवर ओळीने बसायची, जणू गोऱ्यांपुरतं राखलेलं हॉटेलचं काउंटरच. बाकीची त्यांना शिव्या द्यायची, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायची, खुर्चीवरून खाली ओढायची. बसलेल्यांनी हात उचलायचा नाही, डोकं आणि पोट कसं सांभाळायचं ते शिकायचं. पुढे चळवळीचे नेते झालेले जॉन लुइस आणि डायान नॅश या शिबिरांतून तयार झाले. पुढे १९६८ मध्ये मेंफिसच्या सफाई कामगारांच्या संपासाठी किंग यांना बोलावून आणणारेही लॉसनच. २०२४ साली ते गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन.

सीताबर्डीवरून रोज जाणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल? मला स्वतःला पंचेचाळिशीत कळलं, तेही टेनेसीत एका व्याख्यानात. माझं माहेर नागपूरचं.

पहिल्यांदाच जायचं तर कुठे जावं?

पूर्व किनाऱ्यावर असाल तर वॉशिंग्टनचं आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीचं राष्ट्रीय संग्रहालय. ते २०१६ साली उघडलं. प्रवेश मोफत आहे, पण वेळेचा पास आधी काढावा. मोठ्या लिफ्टमधून जमिनीखाली नेतात, भिंतीवरची सालं मागे मागे जात पंधराव्या शतकाशी थांबतात आणि तिथून वर चढत यायचं. एक अख्खा रेल्वेचा डबा आहे, गोऱ्यांचा भाग वेगळा आणि इतरांचा वेगळा. दोन्हींतून चालत जाता येतं. दुसऱ्या भागात जागा कमी. सामान ठेवायचीसुद्धा कमी. एवढ्याशा फरकातून किती कळतं! पूर्ण दिवस ठेवा आणि दुपारनंतर पाय दुखतील हे गृहीत धरा.

त्याच शहरात अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ दुकानातल्या काउंटरचा एक तुकडा ठेवलेला आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या त्या काउंटरवर कॉफी मागायला बसले. कॉफी मिळाली नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली. जुलैअखेर दुकानाने नमतं घेतलं. ज्याने महाडच्या चवदार तळ्याबद्दल वाचलंय त्याला काउंटरवरच्या कॉफीचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मूळ दुकानाच्या इमारतीत, ग्रीन्सबरोलाच, आता स्वतंत्र संग्रहालय आहे.

दक्षिणेत गाडीने फिरायचं आहे. कसं आखावं?

अटलांटा, बर्मिंगहॅम, माँटगोमेरी, सेल्मा. चार दिवस असतील तर छान होतं. अटलांटाहून अलाबामात शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं. परतताना तोच तास जातो आणि विमान चुकतं, हे आमच्यातल्या एका कुटुंबाचं झालेलं आहे.

अटलांटाच्या नागरी आणि मानवी हक्क केंद्रात ते काउंटर अनुभवायला मिळतं. स्टुलावर बसायचं, कानाला हेडफोन लावायचे, डोळे मिटून दोन्ही हात समोर ठेवायचे. मग मागून धमक्या ऐकू येतात, अगदी कानाशी, आणि स्टूल हलतं. मी मिनिटभरात हात उचलले. शेजारी बसलेली माझी मुलगी शेवटपर्यंत बसून राहिली आणि नंतर बराच वेळ काही बोलली नाही.

बर्मिंगहॅमला सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च. १५ सप्टेंबर १९६३, रविवार, सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी तिथे वर्णद्वेष्ट्यांनी ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. चार मुली गेल्या, तिघी चौदा वर्षांच्या आणि एक अकरा. समोरच्या केली इनग्रॅम पार्कमध्ये, निदर्शकांवर सोडलेल्या पोलिसी कुत्र्यांची शिल्पं वाटेच्या दोन्ही बाजूंनी अंगावर येतात, मधून चालावं लागतं.

माँटगोमेरीला लिंचिंगमध्ये, म्हणजे जमावाच्या हातून, मारल्या गेलेल्यांचं स्मारक आहे, २०१८ साली उघडलेलं. गंजलेल्या पोलादाचे आठशेहून अधिक खांब, एकेका काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, एकेक, त्यावर नावं. सुरुवातीला खांब डोळ्यांच्या उंचीला असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि तेच खांब डोक्यावर टांगलेले दिसायला लागतात. इथे फार बोलू नका. बोलवतही नाही.

सेल्माचा एडमंड पेटस पूल लहान वाटतो. फोटोंमुळे लोकांना तो प्रचंड असेल असं वाटतं. पण पुलाला मधे उंचवटा आहे, त्यामुळे माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं दिसत नाही. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी निघालेले सुमारे सहाशे लोक त्या माथ्यावर पोचले तेव्हा त्यांना खाली उभे असलेले पोलीस दिसले. तरी ते उतरले. चालून बघा, म्हणजे हे वाक्य कळेल. मार्चच्या सुरुवातीला तिथे दर वर्षी स्मरणयात्रा असते. हॉटेलं लवकर भरतात.

शाकाहारी असाल तर एक सूचना: दक्षिणेत पालेभाजी दिसली म्हणून लगेच घेऊ नका, ती बहुतेकदा डुकराच्या मांसासोबत शिजवलेली असते. विचारून घ्या.

मुलांना कितव्या वर्षी न्यावं?

आम्ही सात-आठ वर्षांच्या मुलांना बस, शाळा, काउंटर या गोष्टी दाखवतो. मेंफिसच्या संग्रहालयात एक बस आहे, आत बसलं की ‘मागे जा’ असं दरडावणारा ड्रायव्हरचा आवाज येतो. लहान मुलांना ते पटकन समजतं. शाळेच्या बसमध्ये दादागिरी कोणी पाहिलेली नसते?

एमेट टिलची शवपेटी मात्र बारा-तेराच्या आधी नको, असं माझं मत. ती वॉशिंग्टनच्या संग्रहालयात एका वेगळ्या खोलीत आहे, तिथे फोटो काढायला परवानगी नाही. १९५५ साली शिकागोहून मिसिसिपीत नातेवाइकांकडे सुट्टीला आलेला हा मुलगा चौदा वर्षांचा होता. तिथे गोऱ्यांनी त्याला हालहाल करून मारलं. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता, तरी त्याच्या आईने पेटी उघडीच ठेवायला लावली, म्हणजे जगाने बघावं. न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडलं आणि नंतर त्यांनी पैसे घेऊन मासिकात कबुली दिली. मुलाला नेणार असाल तर हे आदल्या दिवशी घरी, मराठीत, शांतपणे सांगा. दारात उभं राहून सांगायची ही गोष्ट नव्हे.

आईबाबा आले आहेत. त्यांना इंग्रजी भाषण झेपेल का?

व्याख्यान कदाचित नाही झेपणार. उच्चार वेगळे, विनोद वेगळे. संग्रहालय मात्र नक्की झेपेल. आम्ही माझ्या आईला मेंफिसला नेलं होतं. ते संग्रहालय लॉरेन मोटेलमध्येच आहे, जिथे ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी खोली क्रमांक ३०६ च्या बाहेर, बाल्कनीत, किंग यांना गोळी लागली. कठड्याला पुष्पचक्र लावलेलं असतं. आईला गुडघ्यांचा त्रास, इंग्रजी बेताचं. ती थांबली ती कचऱ्याच्या गाडीपाशी. तिथे संपावरचे कामगार फलक घेऊन उभे केलेत: ‘मी माणूस आहे’. मी तिला सांगितलं की त्या फेब्रुवारीत पावसात दोन सफाई कामगार गाडीच्या यंत्रात चिरडून मेले आणि मग तेराशे जणांनी काम थांबवलं. आईने विचारलं, ‘त्यांच्या बायकांना काही मिळालं का गं?’ मला उत्तर देता आलं नाही. बाजूच्या मार्गदर्शक बाईंना मी तिचा प्रश्न इंग्रजीत विचारला. त्या म्हणाल्या, इथे येणाऱ्यांपैकी फार थोडे हे विचारतात. मग त्यांनी आईला बाकावर बसवलं आणि पगारावर, विम्यावर, त्या घरांवर वीस मिनिटं बोलल्या. मी मधे बसून भाषांतर करत होते. आमच्या पूर्ण सहलीतलं सगळ्यात चांगलं व्याख्यान ते.

प्रश्न विचारताना काय सांभाळावं?

एका वेळी एकच प्रश्न आणि तो खरंच प्रश्न असावा. मधल्या वाटेत मायक्रोफोन असतो किंवा कागदावर लिहून घेतात. कागद असेल तर सुवाच्य लिहा. वक्ता स्वतः त्या लढ्यात होता तर आकडेवारी विचारू नका, ती पुस्तकात मिळेल. त्या दिवशी काय घातलं होतं, घरी काय सांगून निघालात, भीती कधी वाटली, असं विचारा. ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. आणि कृपा करून ‘आमची पोरं शिकून पुढे गेली, मग बाकीच्यांना का जमत नाही’ हा प्रश्न विचारू नका. हा प्रश्न मी एका सभागृहात, आपल्याच एका गृहस्थांच्या तोंडून ऐकला आणि मान खाली घातली. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिकणं, घर घेणं, मत देणं अडवलं गेलं, त्याला व्हिसासाठी निवडून आणलेल्या पदवीधरांशी ताडून बघणं अन्याय आहे.

कोणते शब्द वापरावेत?

मराठीत ‘कृष्णवर्णीय’ चालतं, इंग्रजीत ‘ब्लॅक’ किंवा ‘आफ्रिकन अमेरिकन’. ‘निग्रो’ हा शब्द जुन्या कागदांत आणि किंग यांच्या भाषणांतही आहे, पण आज बोलताना वापरत नाहीत. घरात आपण मराठीत जो हलका शब्द सहज वापरतो तो मुलांना कळतो, हे लक्षात असू द्या.

खर्च किती? आधी नोंदणी लागते का?

सरकारी संग्रहालयं आणि बहुतेक ग्रंथालयांतली व्याख्यानं मोफत, खासगी संस्थांना तिकीट. नोंदणी जवळपास सगळीकडे लागते. फेब्रुवारीत, म्हणजे कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, आणि १९ जूनच्या आसपास गर्दी असते. १८६५ साली त्या तारखेला टेक्सासच्या गॅल्व्हस्टन गावी गुलामांना मुक्तीचा हुकूम वाचून दाखवला होता. २०२१ पासून ती राष्ट्रीय सुट्टी आहे.

हे कार्यक्रम एका पक्षाचे असतात का? उगाच राजकारणात पडायला नको.

राजकीय इतिहास आहे, तेव्हा राजकारण येणारच. पण आजच्या पक्षांची चौकट घेऊन गेलात तर गोंधळ होईल. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला सिनेटमध्ये सगळ्यात कडवा विरोध दक्षिणेतल्या डेमोक्रॅट सदस्यांनी केला, भाषणं लांबवून कामकाज रोखून धरलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन स्वतः डेमोक्रॅट आणि दक्षिणेचे. ती कोंडी फोडायला रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांची साथ लागली. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद करण्याचा ठराव झाला. ऑस्टिनच्या ग्रंथालयात रिसीव्हर कानाला लावून जॉन्सन यांची फोनवरची संभाषणं ऐकता येतात. कायदे फोनवर कसे घडतात ते तिथे कळतं.

आणि वाद आजही चालू आहेत. मतदान हक्क कायद्यातली एक मोठी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली रद्द केली, आणि तो खटलाही अलाबामातल्याच एका काउंटीने भरलेला. वक्त्याचं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगा, विचारा. त्यासाठीच तर सभागृह असतं.

भारतात राहून काही बघता येईल?

थेट प्रक्षेपण असतं, पण बोस्टनचे संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. ध्वनिचित्रफीत नंतर बघा. अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ग्रंथालयाने चळवळीतल्या सामान्य कार्यकर्त्यांच्या लांबलचक मुलाखती इंटरनेटवर ठेवल्या आहेत. माँटगोमेरीत बसमधली जागा गोऱ्याला द्यायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचे कागदही तिथेच आहेत. त्यात एका पाकिटाच्या पाठीवर त्यांनी हाताने लिहिलेली पॅनकेकची कृती आहे, शेंगदाण्याचं लोणी घालून. माझ्या आजीच्या वहीतसुद्धा अशीच, लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेली, अनारशांची कृती होती.

आमच्या मंडळात असं काही करता येईल का?

येईल, आणि फार पैसे लागत नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये गावोगावी उन्हाळ्यात एक कार्यक्रम होतो: फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी केलेलं भाषण लोक मिळून मोठ्याने वाचतात. डग्लस स्वतः गुलामीतून पळालेले. तुमचा हा चार जुलै, म्हणजे स्वातंत्र्यदिन, गुलामाच्या दृष्टीने काय, असा त्यांचा सवाल. रांगेत उभं राहायचं, आपला परिच्छेद आला की वाचायचा आणि पुढच्याला जागा द्यायची. आपल्या पारायणासारखंच, फक्त उघड्यावर, गावच्या हिरवळीवर. पोलीस अधिकारी वाचतो, शाळकरी मुलगी अडखळत वाचते, कोणी हसत नाही.

आम्ही ते गेल्या वर्षी गणपतीच्या हॉलमध्ये केलं, अर्धं डग्लस आणि अर्धं फुल्यांच्या ‘गुलामगिरी’तलं. उतारे आधी छापून क्रमांक घातले, अक्षर मोठं ठेवलं, कारण निम्म्या वाचकांना चष्मा. मुलांना मराठी वाचता येत नव्हतं, त्यांनी इंग्रजी घेतलं. आजोबांनी मराठी. शेजारच्या चर्चमधली आठ-दहा माणसंही आली होती. यंदा ती माणसं म्हणाली, हॉल आमचा घ्या. पोहे मात्र तुम्हीच करा.